पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार: परवाने, नियम आणि सुरक्षितता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या किंवा शेजारच्या राज्यांतून तिथे शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पान आहे. इथे हरीण म्हणजे व्हाइटटेल, पांढऱ्या शेपटीचं हरीण. नियम ठरवतं पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन. शिकारीचं वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं, आणि हंगामाच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या कमिशनच्या त्या वर्षीच्या डायजेस्टमध्येच, म्हणजे नियमपुस्तिकेतच, पाहाव्यात. न्यू जर्सी किंवा ओहायोचा नियम इथे लागू होत नाही. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला ऐकताना हे लक्षात असू द्या.

भारतात शिकारीला बंदी आहे. मग इथे ती उघडपणे कशी चालते?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट या सगळ्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पेनसिल्व्हेनियातला इतिहास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेबंद शिकारीने इथली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन झालं आणि १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून जंगलात सोडली गेली. आज लांडगे नाहीत, कूगर नाहीत आणि हरणं भरपूर आहेत. जंगलातली कोवळी रोपं, शेतं, फळबागा ती फस्त करतात आणि रस्त्यावर गाड्यांना धडकतात. अलीकडच्या हंगामांत शिकाऱ्यांनी वर्षाला चार लाखांहून जास्त हरणं मारली आहेत. कोणत्या भागात किती माद्या मारायच्या हे कमिशन दरवर्षी ठरवतं. कमिशनचा खर्चही परवाना शुल्क आणि तत्सम उत्पन्नावर चालतो, राज्याच्या सर्वसाधारण करावर नाही.

सुरुवात कशी करायची? आधी बंदूक घ्यायची की परवाना?

आधी प्रशिक्षण, मग परवाना, मग सराव, आणि रायफल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

याआधी कधीच शिकारीचा परवाना घेतला नसेल तर वय काहीही असो, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यासाठी किमान वय ११ आहे, परवान्यासाठी १२. प्रौढांना तो ऑनलाइन करता येतो. तरी जवळपास वर्ग भरत असेल तर तिथे जा, कारण बंदूक हातात देता-घेताना, कुंपण ओलांडताना, गाडीत ठेवताना हात कुठे असावेत हे पडद्यावर पाहून नीट बसत नाही. दुसऱ्या राज्याचं प्रमाणपत्र असेल तर इथे चालतं.

अभ्यासक्रमाशिवाय एकदा अनुभव घ्यायचा असेल तर मेंटर्ड हंटिंग परमिट मिळतं. त्यात २१ वर्षांवरचा परवानाधारक शिकारी सोबत असावा लागतो. शिकणारा त्याच्या नजरेच्या टप्प्यात आणि आवाजाच्या अंतरात असला पाहिजे. वेगवेगळ्या झाडांवर बसून फोनवर बोलणं यात बसत नाही.

मी एच-१बी (किंवा एफ-१, एच-४) व्हिसावर आहे. मला बंदूक हाताळता येते का?

हा प्रश्न नीट वाचा. इथली चूक दंडावर भागत नाही.

नॉनइमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. म्हणून परवाना आधी. तो हातात येईपर्यंत रेंजवर भाड्याने बंदूक घेऊन दोन गोळ्या झाडणं, मित्राची रायफल हातात धरणं, स्वतःच्या कपाटात काडतुसांचा डबा ठेवणं, हे सगळं ‘जवळ बाळगणं’च होतं. या कलमाखाली १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि शस्त्राचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचंही कारण ठरतं.

बहुतेक जण फसतात ते मुदतीत. परवाना ३० जूनला संपतो. रायफल घरात आहे आणि १ जुलैला नवा परवाना नाही, तर त्या दिवसापासून ती बेकायदा आहे, मग तुम्ही तिला हातही लावलेला नसला तरी. नव्या वर्षाचे परवाने जूनच्या चौथ्या सोमवारपासून मिळू लागतात. त्याच आठवड्यात घेऊन टाका. दुकानातून बंदूक घेताना पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर आय-९४ किंवा एलियन नंबर लिहावा लागतो आणि परवान्याची प्रत द्यावी लागते. मेंटर्ड परमिटच्या भरवशावर हा अपवाद उभा करू नका, पूर्ण परवानाच घ्या. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असून तुम्ही अजून एच-१बीवरच असाल तर मात्र लागू आहे. शंका असेल तर पैसे इमिग्रेशन वकिलावर खर्च करा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

धनुष्यबाण आणि क्रॉसबो (ट्रिगरने बाण सोडणारं आडवं धनुष्य) या कायद्याच्या व्याख्येत बंदुकीत मोडत नाहीत. व्हिसावर असलेल्यांनी पहिला हंगाम धनुष्यावर काढला तर डोक्याचा बराच ताप वाचतो. अर्थात शिकारीचा परवाना त्यालाही लागतोच.

परवान्याचे प्रकार आणि खर्च?

सर्वसाधारण प्रौढ परवाना राज्यातल्या रहिवाशाला २०.९७ डॉलर, बाहेरच्याला १०१.९७ डॉलर. रहिवासी ठरायला अर्जाआधी सलग ३० दिवस पेनसिल्व्हेनियात कायमचं घर असावं लागतं. नोकरी फिलाडेल्फियात आणि घर न्यू जर्सीतल्या चेरी हिलला असेल तर तुम्ही बाहेरचेच.

या परवान्यात एका शिंगवाल्या नराचा टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायची चिठ्ठी, येतो. मादीसाठी वेगळा अँटलरलेस परवाना लागतो, रहिवाशाला ६.९७ आणि बाहेरच्याला २६.९७ डॉलर, आणि तो फक्त एका ठराविक वन्यजीव विभागापुरताच चालतो. राज्याचे असे विभाग आकडा आणि अक्षराने ओळखले जातात: २बी, ४सी, ५डी असे. ५सीचा टॅग ५बीमध्ये रद्दी. काही विभागांचे टॅग पटकन संपतात, म्हणून आधी जागा ठरवा, मगच टॅग घ्या. धनुष्याच्या हंगामाला आर्चरीचा जादा परवाना लागतो, मझललोडरला (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची बंदूक) मझललोडरचा. शिकारीत असताना परवाना आणि ओळखपत्र दोन्ही अंगावर हवीत, गाडीत नव्हेत.

हंगाम कधी असतो? दिवसातली वेळ कोणती?

ढोबळ क्रम असा: ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धनुष्य, ऑक्टोबरच्या मध्यावर काही दिवस मादीसाठी मझललोडर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारपासून दोन आठवडे मुख्य बंदुकीचा हंगाम, आणि नाताळनंतर जानेवारीत फ्लिंटलॉक. कित्येक दशकं मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा, आणि ग्रामीण भागात त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो.

फ्लिंटलॉक म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी जुन्या घडणीची बंदूक. हा हंगाम पेनसिल्व्हेनियाची खासियत आहे. ओल्या हवेत ठिणगीखालच्या वाटीतली बंदुकीची दारू पेटत नाही आणि हरीण समोरून चालत निघून जातं. हौस असेल तरच त्या वाटेला जा.

वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. कमिशनचं वेळापत्रक तारखेनुसार मिनिटं देतं. ‘उजेड आहे अजून’ हा युक्तिवाद कमिशनच्या वॉर्डनपुढे टिकत नाही. रविवारी शिकार बरीच वर्षं बंद होती. २०१९ च्या कायद्याने तीन रविवार खुले झाले आणि २०२५ च्या कायद्याने उरलेली बंदी उठवून रविवार ठरवण्याचा अधिकार कमिशनला दिला. म्हणजे सगळे रविवार आपोआप खुले झालेले नाहीत, डायजेस्टमधली यादी पाहा. खाजगी जमिनीवर रविवारी जाताना मालकाची परवानगी लेखी घेऊन खिशात ठेवा.

कोणती बंदूक चालते?

मुख्य हंगामात सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणारी), तीही दर गोळीनंतर पुढचं काडतूस हाताने चढवायची: बोल्ट, लिव्हर किंवा पंप. सेमीऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणारी रायफल हरणाला चालत नाही. टेक्सासहून आलेल्यांना हे पटत नाही, पण नियम तसा आहे. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात करणारी छोटी रायफल) चालत नाही. गोळी आत शिरल्यावर फुलणारी हवी. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी बेकायदा आहे, कारण ती आरपार जाते, जखम बारीक राहते आणि हरीण मैलभर पळून मरतं.

धनुष्याची ओढ किमान ३५ पौंड, क्रॉसबोची १२५ पौंड, आणि बाणाच्या पात्याची कापणी किमान ७/८ इंच.

आम्ही एक्स्टन, किंग ऑफ प्रशिया भागात राहतो. तिथे काही वेगळं आहे का?

आहे. बक्स, चेस्टर, डेलावेअर, मॉन्टगोमेरी आणि फिलाडेल्फिया ही काउंटी, तसंच पिट्सबर्गची अॅलेगेनी काउंटी हे विशेष नियमांचे प्रदेश आहेत. तिथे हरणाला सेंटरफायर रायफल चालत नाही, शॉटगनमधली स्लग (छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी) किंवा मझललोडर लागतो. दाट वस्तीत रायफलची गोळी फार दूर जाते म्हणून हा नियम. राज्यातले बरेच मराठी लोक नेमके याच काउंटींत राहतात, त्यामुळे रायफल घेण्याआधी आपण शिकार कुठे करणार हे ठरवा. शनिवारी दोन-तीन तास गाडी चालवून पोकोनो किंवा मध्य पेनसिल्व्हेनियात जाणार असाल तर रायफल ठीक. घराजवळच करणार असाल तर क्रॉसबो सगळ्यात सोयीची.

शिंगं मोजायचा नियम काय आहे?

२००२ पासून नराच्या शिंगांवर अट आहे. कोवळे नर वाचावेत आणि कळपात मोठ्या वयाचे नर राहावेत हा हेतू. बहुतेक राज्यात एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं हवीत. पश्चिमेच्या १ए, १बी, २ए, २बी आणि २डी या विभागांत भुवईजवळचं टोक सोडून वर तीन हवीत. टोक मोजायला ते बुडापासून किमान एक इंच लांब असावं लागतं. मुख्य दांड्याचं टोक मात्र लांबी न बघता एक धरतात. ज्युनिअर परवानाधारक, मेंटर्ड मुलं, अपंग शिकारी आणि सेवेतले सैनिक यांना ही अट सैल आहे.

दोन्ही शिंगं तीन इंचांपेक्षा कमी असतील किंवा मुळीच नसतील तर ते हरीण ‘अँटलरलेस’. म्हणजे डोक्यावर नुसती गुठळी असलेलं नर पाडसही मादीच्याच टॅगवर जातं. नराची मर्यादा वर्षाला एक.

टोकं मोजता आली नाहीत तर गोळी झाडायची नाही. दुर्बीण वेगळी आणा. रायफलच्या स्कोपमधून, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून, हरणं मोजू नका, कारण झुडपामागे हलणारं प्रत्येक वेळी हरीण नसतं आणि स्कोप जिकडे वळतो तिकडेच नळीही वळते.

नारिंगी रंग किती लागतो?

बंदुकीच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी, चारही बाजूंनी दिसेल असा. म्हणजे साधारण ४० बाय ४० सेंटिमीटरचा चौकोन. साधी जाकीट आणि टोपी घातली की अट सहज पूर्ण होते. चुका होतात त्या अशा: पाठीवरची सॅक जाकीट झाकते, थंडी वाढली की वरून तपकिरी कोट चढवला जातो, जुनी जाकीट धुऊन धुऊन फिकट गुलाबी झालेली असते. कापडी आडोशात बसलात तरी अंगावर नारिंगी लागतोच, आणि आडोशाच्या बाहेरही एक पट्टी बांधणं शहाणपणाचं.

हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्यांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणून कपडे चमक आणणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुऊ नका, त्यातला निळसर उजाळा हरणाच्या नजरेत भरतो. पांढरा रुमाल आणि पांढरे हातमोजेही टाळा, पण ते हरणासाठी नव्हे. हंगामात पांढरं काही हललं की ती शेपटी वाटू शकते.

कुठे शिकार करता येते? माझ्याच घरामागे हरणं येतात.

राहत्या घरापासून, शेतघरापासून, शाळेपासून १५० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे १३७ मीटरच्या आत, तिथे राहणाऱ्याची परवानगी असल्याशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही. राहत्या घरांसाठी धनुष्य आणि क्रॉसबोला हे अंतर ५० यार्ड आहे. उपनगरात अर्ध्या एकराच्या प्लॉटवर चारही शेजारी या वर्तुळात येतात, त्यामुळे बहुतेकांच्या परसात कायद्यानेच शिकार शक्य नसते. एका शेजाऱ्याने हो म्हटलं म्हणून बाकीच्यांचं वर्तुळ पुसलं जात नाही.

राज्याच्या गेम लँड्स सुमारे १५ लाख एकर आहेत, वनखात्याची जंगलं सुमारे २२ लाख एकर. नवख्याने तिथेच सुरुवात करावी. खाजगी जमिनीवर परवानगी घ्याच. झाडांवर जांभळे पट्टे दिसले तर तो ‘प्रवेश बंद’चा फलकच समजा, २०२० पासून तसा कायदा आहे. जखमी हरीण कुंपणापलीकडे पडलं तरी विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. ते समोर पडलेलं दिसतंय हा हक्क होत नाही.

गाडीतून, रस्त्यावरून काय नियम?

गाडीत किंवा गाडीला टेकवून भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे, गाडी उभी असो की चालू. कोठीत (नळीच्या मागच्या, काडतूस पेटतं त्या खोबणीत) काडतूस असणं म्हणजे भरलेली, आणि काडतुसं असलेलं मॅगझिन बसवलेलं असणं म्हणजेही भरलेली. गाडीतून उतरल्यावर सार्वजनिक रस्त्याच्या वाहत्या भागापासून किमान २५ यार्ड आत गेल्याशिवाय हरणावर गोळी झाडता येत नाही. रस्त्याच्या आरपार कधीच नाही. परतताना उलटा क्रम: आधी रिकामी करा, कोठीत बोट घालून पाहा, मग गाडीकडे चला.

मचाणावर बसणं किती धोक्याचं?

नवख्यांचं लक्ष बंदुकीकडे असतं, पण हाडं मोडतात ती मचाणावरून पडून. बसल्या बसल्या फारसं कोणी पडत नाही. पडतात ते चढता-उतरताना आणि शिडीवरून फळीवर पाऊल टाकताना. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे सुरक्षापट्टे, जमिनीवरच घाला आणि झाडाच्या बुंध्यापासून वरपर्यंत जाणारी लाइफलाइन बांधा. तिच्यावर सरकणारी गाठ आपल्याबरोबर वर सरकते. वर पोचल्यावर हार्नेस अडकवणाऱ्याचा सगळ्यात धोक्याचा टप्पा मोकळाच गेलेला असतो. नुसता कमरेचा पट्टा वापरू नका. पडल्यावर तो छातीकडे सरकून श्वास कोंडतो.

तीन अवयव सतत टेकलेले हवेत, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय. बंदूक घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोरीने वर ओढायची, आणि ट्रिगरच्या बाजूला गाठ येणार नाही असं बांधायचं. हार्नेसची झाडाकडची दोरी डोक्याच्या वर आणि बसल्यावर जेमतेम सैल राहील इतकीच लांब असावी. लांब ठेवली की पडल्यावर फळीच्या खाली लोंबकळता आणि परत वर चढता येत नाही. लोंबकळत राहिल्यास मांड्यांवरच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. पाय टेकवायला एक पट्टा खिशात ठेवा आणि मदत येईपर्यंत पाय हलवत राहा. वर्षभर झाडावर राहिलेले पट्टे उन्हाने कुजतात, बाहेरून धड दिसले तरी. दर हंगामाआधी बदला.

गेम लँड्सवर झाडाला खिळे किंवा स्क्रू मारता येत नाहीत. मचाण हंगामाच्या दोन आठवडे आधी लावून संपल्यावर दोन आठवड्यांत काढायचं, आणि त्यावर मालकाचं नाव-पत्ता किंवा परवान्यावरचा ग्राहक क्रमांक (सीआयडी) हवा.

गोळी झाडण्याआधी काय पाहायचं?

गोळी कुठे थांबणार ते. .३०-०६ ची गोळी तीन मैलांहून जास्त जाऊ शकते आणि हरणाच्या अंगातून जाऊनही पुढे जाते. मागे मातीचा उतार हवा. टेकडीच्या माथ्यावर आकाशासमोर उभं असलेलं हरीण कितीही सुंदर दिसलं तरी त्याच्यामागे काहीच नाही. दगड, गोठलेली जमीन आणि पाणी यांवरून गोळी उसळते. मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीतच जाते, हा त्याचा एक मोठा फायदा.

काही जण मिळून हाका घालणार, म्हणजे रान उठवून हरणं दुसऱ्यांकडे हाकलणार असाल तर आणखी काळजी. कायद्याने २५ पेक्षा जास्त माणसं एका हाक्यात चालत नाहीत. खरं तर सहाजणांतही गोंधळ होतो. निघण्याआधी प्रत्येकाने आपली मारायची दिशा ठरवून घ्यायची; हाकारे ज्या बाजूने येतात तिकडे कोणीही गोळी झाडायची नाही, धावत्या हरणामागे नळी फिरवत जायचं नाही. पेनसिल्व्हेनियात शिकारीच्या गोळीने एकही मृत्यू नाही असं पहिलं वर्ष २०१२ मध्ये उजाडलं, तेही नारिंगी रंग आणि प्रशिक्षण सक्तीचं झाल्यावर.

रायफलचा नेम कसा बसवायचा?

पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर, मग १०० वर. बहुतेक स्कोपचा एक टिचका १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे २५ वर एक-सोळांश. त्यामुळे २५ वर इंचभर चुकत असेल तर चार नव्हे, सोळा टिचके. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि अख्खा डबा संपवतो. तीन गोळ्यांचा गट पाहून मगच सरकवा, प्रत्येक गोळीनंतर नाही. नळी तापली की थांबा. १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर बसवली की नेहमीच्या कॅलिबरांना २०० यार्डांपर्यंत सरळ नेम चालतो. ज्या काडतुसांनी बसवली तीच शिकारीत वापरा. वजन बदललं की गोळी दुसरीकडे पडते. कानाला संरक्षण हवंच, रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो.

हरीण पडलं नाही, पळालं. आता?

जिथे ते उभं होतं ती जागा खुणेने धरून ठेवा आणि लगेच मागे धावू नका. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुस, ते शंभर-दीडशे यार्डांत मिळतं. अर्धा तास थांबा. गडद रक्त असेल तर यकृत, काही तास थांबा. हिरवट, वास येणारा द्रव म्हणजे आतडी. सहा-आठ तास, थंडी असेल तर रात्रभर थांबायचं, कारण हाकललं तर ते मैलोन्‌मैल जातं आणि तुम्हाला कधीच मिळत नाही. २०१८ पासून साखळीने बांधलेल्या कुत्र्याकडून माग काढणं कायदेशीर आहे.

म्हणून नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. समोरून किंवा मागून मारू नका.

टॅग कसा लावायचा?

हरीण हलवण्याआधी. टॅगवर तारीख, वेळ, काउंटी, टाउनशिप, विभाग बॉलपेनने भरून तो कानाला बांधायचा. गाडीपर्यंत ओढत नेऊन मग टॅग लावणं ही दंड होणारी चूक आहे. टॅग आधीच भरून ठेवणंही चालत नाही. बायकोचा, भावाचा, मित्राचा टॅग आपल्या हरणाला लावता येत नाही. मांस कापून तयार होईपर्यंत टॅग हरणासोबत राहतो. दहा दिवसांत कमिशनला ऑनलाइन, फोनवर किंवा पोस्टाने कळवायचं.

मांस, गोचीड आणि सीडब्ल्यूडी रोगाबद्दल काय काळजी घ्यावी?

लवकर आतडी काढून हरीण थंड करा. ४० अंश फॅरनहाइटच्या वर मांस फार वेळ राहू देऊ नका. मूत्राशय फुटलं की वास जात नाही. रबरी हातमोजे घाला. पेनसिल्व्हेनियात लाइम रोग फार आहे आणि गोचीड नोव्हेंबरातही जिवंत असतात. कपड्यांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन फवारा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासा.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग राज्यात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. रोगग्रस्त प्रदेश कमिशनने आखले आहेत. तिथून डोकं, पाठीचा कणा, प्लीहा हे भाग बाहेर नेता येत नाहीत. हाड काढलेलं मांस नेता येतं. तिथे हरणांना खायला घालणं आणि हरणाच्या मूत्राची आमिषं वापरणं बंद आहे. डोकी टाकायच्या पेट्या ठेवलेल्या असतात, तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. शिजवून तो कारक नष्ट होत नाही, गोठवूनही नाही. मटणासारखं दोन शिट्ट्या काढल्या की झालं, हे इथे लागू नाही.

मका टाकून हरणं बोलवता येतात का? रात्री टॉर्चने पाहता येतात का?

आमिष टाकून शिकार बेकायदा. आमिष काढल्यावरही ती जागा ३० दिवस बंद. दुसऱ्याने टाकलेला मका असला तरी जबाबदारी तुमचीच, म्हणून नवी जागा आधी चालून पाहा. प्रकाशझोताने हरणं शोधताना गाडीत शस्त्र असेल तर गुन्हा. रात्री ११ नंतर आणि बंदुकीच्या मुख्य हंगामात तर झोत टाकणंच बंद आहे.

मुलांना नेता येतं का?

१२ आणि १३ वर्षांच्या परवानाधारक मुलांसोबत १८ वर्षांवरचा कुटुंबातला माणूस हवा. १४-१५ वर्षांच्यांसोबत १८ वर्षांवरचा कोणीही चालतो. १६ पासून एकटं जाता येतं. लहान मुलांसाठी मेंटर्ड योजना आहे, त्यात मूल चालत असताना बंदूक मोठ्याच्या हातात राहते.

चुकून नियमाबाहेरचं हरीण मारलं गेलं तर?

तिथेच सोडून निघून जाऊ नका. हरणाची आतडी काढून लगेच कमिशनच्या कार्यालयाला फोन करा. खरी चूक असेल आणि स्वतःहून कळवलं तर नियमात त्यासाठी सौम्य वाट ठेवलेली आहे. लपवलेलं सापडलं तर दंड मोठा आणि परवानाही जाऊ शकतो. व्हिसावर असलेल्यांनी परवाना जाण्याचा अर्थ लक्षात घ्यावा: त्याच्याबरोबर बंदूक बाळगण्याचा आधारही जातो.

जास्तीचं मांस विकता येईल का? भारतात नेता येईल का?

विकता येत नाही, मित्राच्या रेस्टॉरंटलाही नाही. वाटता येतं. ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही योजना १९९१ पासून सहभागी खाटिकांमार्फत असं मांस अन्नपेढ्यांना पोचवते. जवळचा खाटीक कोण हे हंगामाआधीच शोधून ठेवा, कारण पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्यांची शीतगृहं भरलेली असतात. भारतात मांस नेण्याच्या फंदात पडू नका. आयात परवान्याशिवाय ते कस्टमवर जप्त होईल, आणि सुटकेसमधल्या हरणाच्या मांसाचा खुलासा मुंबई विमानतळावर करत बसावा लागेल.